वसतिगृहात मानसिक आणि शैक्षणिक आधाराची व्यवस्था कशी उभारावी

"सर, अभ्यास होत नाही." रेक्टरच्या टेबलासमोर उभे राहून विद्यार्थी हे वाक्य म्हणतो, तेव्हा ते दिसते तितके साधे नसते. कधी त्याला खरोखरच गणिताचा पेपर अडलेला असतो, कधी तीन आठवडे धड झोप लागलेली नसते, कधी शिष्यवृत्तीचा हप्ता न आल्याने मेसचे दोन महिन्यांचे बिल थकलेले असते आणि पुष्कळदा हे तिन्ही एकाच वेळी चाललेले असते. आपल्याकडच्या घरांत वाढलेल्या मुलाला "मला फार उदास वाटते" असे म्हणायची लाज वाटते; "अभ्यास होत नाही" म्हणायची मात्र वाटत नाही. वसतिगृहप्रमुख, गृहपाल, विद्यार्थी विकास अधिकारी आणि मदत करू इच्छिणारे प्राध्यापक यांच्यासाठी लिहिलेल्या या मार्गदर्शिकेचा सगळा डोलारा या एका निरीक्षणावर उभा आहे. अभ्यासाची मदत हे व्यवस्थेचे पुढचे दार ठेवावे आणि समुपदेशकाची खोली त्याच दारातून आत गेल्यावर लागावी. दोन्हींसाठी वेगळी दारे केली, तर दुसऱ्या दाराकडे कोणी फिरकत नाही.

हे मी स्वतः चुका करून शिकलो आहे. रेक्टरपदाच्या पहिल्या वर्षी मी सभागृहात तणावमुक्तीवर एक मोठे व्याख्यान ठेवले, हजेरी सक्तीची केली आणि दुसऱ्या दिवसापासून कार्यालयाशेजारच्या खोलीत दुपारी दोन ते चार समुपदेशकाला बसवले. दुपारी दोन ते चार मुले प्रॅक्टिकलला असतात, हे माझ्या लक्षातच आले नाही. शिवाय त्या खोलीत जाणारा प्रत्येक जण समोरच्या नोटीस बोर्डाजवळ उभ्या असलेल्या पाच-सहा जणांना दिसत असे. संपूर्ण सत्रात तिथे दोन विद्यार्थी आले आणि त्यांतला एक पत्ता चुकून आला होता.

आधी पंधरा दिवस नुसते पाहावे

कोणताही उपक्रम जाहीर करण्यापूर्वी वसतिगृहाच्या स्वतःच्या कागदपत्रांकडे नीट पाहावे. मेसच्या वहीत सलग चार-पाच दिवस खाडे कोणाचे आहेत, गेट रजिस्टरमध्ये दर शुक्रवारी घरी जाणारा आणि मंगळवारी परतणारा कोण आहे, दिवाळीतही घरी न जाणारा कोण आहे, एका सत्रात दोनदा खोली बदलून मागणारा कोण आहे आणि एटीकेटी (काही विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याची सवलत) लागलेल्यांची यादी काय सांगते, या पाच गोष्टींतून जे कळते ते छापील प्रश्नावलीतून सहसा कळत नाही. यातली कोणतीही एक गोष्ट सुटी पाहिली तर तिचा अर्थ लागत नाही. दर शुक्रवारी घरी जाणाऱ्या मुलाची आई कदाचित फक्त आजारी असेल. पण मेसचे खाडे, वर्गातली गैरहजेरी आणि बंद दार एकत्र दिसले, तर त्याच संध्याकाळी त्या खोलीवर सहज म्हणून चक्कर मारावी.

रविवारच्या संध्याकाळी तर वसतिगृहात अवश्य थांबावे. महाराष्ट्रातल्या बहुतेक मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद असते. ज्यांच्याकडे पैसे आणि मित्र आहेत ते बाहेर जेवायला जातात. ज्यांच्याकडे या दोन्हींपैकी एक नाही ते मॅगी किंवा बिस्किटांवर भागवतात, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना घराची आठवण सर्वाधिक याच वेळी येते. आमच्याकडे सर्वांत यशस्वी ठरलेला उपक्रम म्हणजे रविवारी रात्री आठ वाजता कॉमन रूममध्ये शिजणारी खिचडी. तिला आम्ही कधी मानसिक आरोग्याचा उपक्रम म्हटले नाही. तांदूळ, डाळ आणि कांदे वर्गणीतून येत, चिरायला सगळे बसत, आणि कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आले तर कोणी कारण विचारत नसे.

हे काही नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, पुढे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचे बोर्डिंग उभे राहिले आणि तिथल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. आपल्याकडे वसतिगृह ही संस्थाच मुळात शैक्षणिक आधार म्हणून जन्माला आली आहे. ती पुढे खोल्या भाड्याने देणारी इमारत झाली, हा नंतरचा भाग.

कायद्याने काय बंधनकारक आहे

व्यवस्थापनाकडे निधी मागायला जाण्यापूर्वी या गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या, कारण "हे आपले काम आहे का?" हा प्रश्न तिथे हमखास येतो. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेल्या निकालात सर्व शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या असून, याविषयी कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. त्यांनुसार 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संधान बांधले पाहिजे, अध्यापक आणि इतर कर्मचाऱ्यांचे वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण झाले पाहिजे, आणि हेल्पलाइनचे क्रमांक वसतिगृहात व वर्गांत ठळक अक्षरांत लावले पाहिजेत. निवासी संस्थांनी गच्चीसारख्या धोक्याच्या जागांवर नियंत्रण ठेवण्याबाबतही त्यात स्पष्ट सूचना आहेत. प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात या निकालाचा उल्लेख करावा. फाइल लवकर हलते, हा अनुभव आहे.

समुपदेशक निवडताना

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषध लिहून देऊ शकणारा डॉक्टर, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला तज्ज्ञ, आणि समुपदेशक म्हणजे साधारणपणे समुपदेशन मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली व्यक्ती. या तिघांची कामे वेगळी आहेत आणि वसतिगृहाला रोज लागतो तो तिसरा. पहिल्या दोघांशी, म्हणजे जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी, लेखी संधान असले तर पुरते. मात्र "लोकांना छान बोलते करणारे" म्हणून एखाद्या प्रेरणादायी वक्त्याला या जागी बसवू नये. मुलाखतीत उमेदवाराला एकच प्रश्न विचारावा: एखादा विद्यार्थी तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे हे तुम्ही कशावरून ओळखाल आणि मग काय कराल? ज्याच्याकडे या प्रश्नाचे नेमके उत्तर नाही, त्याच्याकडे बाकी कितीही पदव्या असल्या तरी तो घेऊ नये.

वेळ संध्याकाळी सहा ते नऊ ठेवावी. जागा कार्यालयापासून दूर, शक्यतो अभ्यासिकेच्या किंवा ग्रंथालयाच्या मजल्यावर असावी, म्हणजे तिकडे जाणारा मुलगा कुठे चालला आहे हे कोणाला कळत नाही. दारावर "समुपदेशन केंद्र" अशी पाटी लावण्यापेक्षा "अभ्यास साहाय्य कक्ष" अशी लावावी. ती खोटीही ठरत नाही, कारण समुपदेशक आणि शिकवणारे ज्येष्ठ विद्यार्थी त्याच कक्षात आलटून पालटून बसणार आहेत. आत दोन खुर्च्या एकमेकींना काटकोनात ठेवाव्यात आणि मध्ये टेबल ठेवू नये. पाण्याचा तांब्या आणि रुमाल ठेवायला विसरू नये.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ज्याच्या हातात खोली काढून घेण्याचा, दंड करण्याचा किंवा घरी फोन लावण्याचा अधिकार आहे, त्याने समुपदेशक होऊ नये. रेक्टर कितीही प्रेमळ असला तरी तो रेक्टरच असतो.

सोबती: मजल्यावरचे दोघे

रात्री साडेअकराला समुपदेशक नसतो, रेक्टर झोपलेला असतो. जागा असतो तो रूम पार्टनर. म्हणून दर मजल्यावर, साधारण पंचवीस-तीस मुलांमागे, दोन सोबती तयार करावेत. ते निवडताना अर्ज मागवू नयेत, कारण अर्ज बहुधा निवडणुकीची हौस असलेली मुलेच करतात. त्याऐवजी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी देऊन त्यावर एका प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगावे: "रात्री बारा वाजता अडचण आली तर तुम्ही या मजल्यावर कोणाचे दार वाजवाल?" दोन नावे लिहायची आणि स्वतःचे नाव लिहायचे नाही. चिठ्ठ्या उघडल्यावर बहुतेक वेळा अशा एखाद्या मुलाचे नाव पुढे येते, ज्याच्याकडे आपण वर्षभर लक्षही दिलेले नसते: अबोल, मध्यम गुणांचा, खोलीत क्रोसिन आणि सुईदोरा बाळगणारा. तोच आपला माणूस.

त्यांचे प्रशिक्षण दोन दिवसांचे असावे आणि समुपदेशकाने ते स्वतः घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराच्या पद्धतीतली तीन क्रियापदे, म्हणजे बघा, ऐका आणि जोडा, एवढी आधारभूत चौकट पुरते. यातले "ऐका" सर्वांत कठीण जाते, म्हणून त्यावर निम्मा वेळ द्यावा. दोघादोघांच्या जोड्या करून सराव घ्यावा आणि कोणती वाक्ये तोंडून आपोआप बाहेर पडतात याची यादी मुलांनाच फळ्यावर लिहू द्यावी. आमच्या फळ्यावर दरवर्षी तीच वाक्ये येत: "एवढंच ना?", "घरच्यांचा विचार कर", "माझं बघ, मला तर तीन विषय राहिले होते", "व्यायाम कर, बरं वाटेल". यांतले एकही वाक्य वाईट हेतूने म्हटलेले नसते, पण प्रत्येकामुळे समोरच्याचे बोलणे तिथेच थांबते. त्यांच्या जागी दोन साधे प्रश्न घोटून घ्यावेत: "किती दिवसांपासून असं होतंय?" आणि "सगळ्यात जड वेळ कोणती जाते?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक नेमके येते, म्हणजे पहाटेची वेळ, घरून फोन येऊन गेल्यानंतरची वेळ, निकालाच्या आधीची रात्र, आणि नेमके उत्तर आले की मदतही नेमकी करता येते.

सोबत्यांच्या मर्यादा लिहून द्याव्यात. त्यांनी सल्ला द्यायचा नाही, कोणाला रात्रभर एकट्याने सांभाळायचे नाही, औषध सुचवायचे नाही आणि "कोणाला सांगणार नाहीस ना?" या प्रश्नाला सरसकट होकार द्यायचा नाही. त्या प्रश्नाचे ठरलेले उत्तर असे: "मी गप्पांमध्ये कधीच सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर एका माणसाला सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन." दर पंधरा दिवसांनी समुपदेशकाने सोबत्यांनाच तासभर भेटावे, कारण दुसऱ्याचे ऐकून घेणारे वीस वर्षांचे मूलही थकते. त्यांच्या कामाची नोंद राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत किंवा मानधनाच्या रूपात झाली तर उत्तम. फुकटची सेवा दुसऱ्या सत्रात आटते.

अभ्यासाचा आधार

मराठी माध्यमातून शिकलेला, दहावीत नव्वद टक्के मिळवलेला मुलगा अभियांत्रिकीच्या किंवा विज्ञानाच्या पहिल्या वर्षात येतो तेव्हा त्याच्यावर तीन बदल एकदम कोसळतात: भाषा बदलते, शिकवण्याचा वेग बदलतो आणि "गावातला हुशार मुलगा" ही त्याची ओळख पहिल्या अंतर्गत चाचणीतच जाते. तिसरा बदल सर्वांत जास्त दुखतो, पण त्याच्याशी थेट बोलून उपयोग होत नाही. पहिल्या दोन बदलांवर काम केले की तो हळूहळू निवळतो.

भाषेपासून सुरुवात करावी. इंग्रजी संभाषणाचे वर्ग भरवण्याचा मोह टाळावा. मुलाला अडते ते बोलणे नसते, प्रश्नपत्रिकेतला प्रश्न समजणे असते. मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन त्यांतली आज्ञार्थी क्रियापदे गोळा करावीत: स्टेट, डिफाइन, डिराइव्ह, जस्टिफाय, डिस्टिंग्विश, इलस्ट्रेट, कमेंट. एकूण पंचवीसच्या वर निघत नाहीत. प्रत्येकाचा अर्थ, त्याला अपेक्षित असलेल्या उत्तराची लांबी आणि एक नमुना उत्तर असा एका पानाचा तक्ता ज्येष्ठ विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा आणि अभ्यासिकेत लावावा. "जस्टिफाय" असे विचारले असताना केवळ व्याख्या लिहून सात गुणांपैकी दोन मिळवणारा मुलगा स्वतःला मठ्ठ समजत असतो. त्याला फक्त एका शब्दाचा अर्थ माहीत नसतो.

त्यानंतर अभ्यासाची पद्धत. एक मुलगा रोज पाच तास बसत असे आणि तरी त्याचे दोन विषय राहिले होते. त्याची वही मागून पाहिली. निळ्या शाईत मजकूर, लाल शाईत मथळे, पट्टीने आखलेल्या चौकटी आणि सुरेख अक्षर: तो पुस्तकच पुन्हा लिहून काढत होता. त्याला वही मिटायला सांगितली, कोरा कागद दिला आणि आत्ता लिहिलेल्या धड्यातले जे आठवते ते दहा मिनिटांत लिहायला सांगितले. चार ओळी झाल्या. तो कागदाकडे बघत राहिला, मग हसला आणि म्हणाला, "सर, मग पाच तास मी करत काय होतो?" अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दिसले होते: मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत किंचित जास्त आठवले, पण आठवडाभराने घेतलेल्या चाचणीत न पाहता आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे होते. वाचताना आपल्याला येते असे वाटते आणि तोच भास परीक्षेच्या दिवशी फसवतो.

म्हणून रात्री नऊ ते अकरा या वेळेत अभ्यासिकेत "कोऱ्या कागदाचा तास" ठेवावा. पहिली चाळीस मिनिटे शांत वाचन, पुढची दहा मिनिटे वही मिटून आठवून लिहिणे, मग दहा मिनिटे शेजाऱ्याला समजावून सांगणे, आणि दुसऱ्या तासात पुन्हा तेच. मोबाइल दाराजवळच्या खोक्यात ठेवावेत, पण सक्ती नसावी. खोक्यात मोबाइल ठेवणाऱ्याला शेवटी चहा मिळतो एवढे पुरते. कोणी किती लिहिले याची तपासणी करू नये. कागद त्याचा त्यानेच पाहायचा, चुकलेल्या जागी खूण करायची आणि तीन दिवसांनी तोच भाग पुन्हा आठवून लिहायचा.

एटीकेटीच्या मुलांसाठी वेगळी बैठक लागते आणि तिची वेळ निकालानंतरचा पहिला आठवडा. यांतल्या पुष्कळांनी घरी निकाल सांगितलेला नसतो. पहिल्या बैठकीत अभ्यासाचे नावही काढू नये; प्रत्येकाबरोबर बसून राहिलेले विषय, त्यांची परीक्षा कधी, पुढच्या वर्षात प्रवेश मिळण्यासाठी किती विषय सुटायला हवेत आणि "इयर डाऊन"चा, म्हणजे वर्ष वाया जाण्याचा, धोका खरोखर आहे का, एवढेच कागदावर मांडावे. अर्ध्याअधिक मुलांना स्वतःच्या विद्यापीठाचा नियम माहीत नसतो आणि ती उगाचच सर्वांत वाईट गोष्ट गृहीत धरून बसलेली असतात. मग परीक्षेच्या तारखेपासून मागे येत आठवडे मोजावेत आणि प्रत्येक विषयासाठी, ज्याचा तो विषय आधी राहून मग सुटला असा एक ज्येष्ठ विद्यार्थी जोडून द्यावा. पहिल्या क्रमांकाचा मुलगा इथे फारसा कामी येत नाही. एकदा अडखळून पुढे गेलेला जास्त उपयोगी पडतो, कारण पाय कुठे घसरतो ते त्याला माहीत असते. "कमवा आणि शिका" योजनेत या शिकवण्याच्या तासांची नोंद करता येते का, ते महाविद्यालयाकडे विचारावे.

एखादा मुलगा तोंडी उत्तम उत्तरे देतो पण लिहिताना कोसळतो, अक्षरांची उलटापालट करतो, असे दिसले तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास पात्रतेनुसार परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ मिळू शकतो.

पैसा, जात आणि गेट

मनावरच्या ताणाचे मूळ बँकेच्या पासबुकात असेल तर समुपदेशनाने ते सुटत नाही. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या संकेतस्थळावर, अर्ज कुठल्या टप्प्यावर अडला आहे, हे पाहून देणारा एक माणूस महिन्यातून दोन संध्याकाळी अभ्यास साहाय्य कक्षात बसवावा. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, अशा योजनांची माहिती त्याच्याकडे असावी. आधार आणि बँक खाते जोडलेले नसल्यामुळे अडलेला हप्ता सुटला की कित्येकदा झोपही परत येते.

"तुझा रँक काय? म्हणजे कुठल्या कोट्यातून?" हा प्रश्न पहिल्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये सहज विचारला जातो, आणि ज्याला तो विचारला जातो त्याला तो वर्षभर पुरतो. हा प्रश्न या वसतिगृहात विचारायचा नाही, हे रेक्टरने पहिल्याच सभेत स्पष्ट सांगावे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम 2009 पासून आहेत, आणि राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा क्रमांक 1800-180-5522 आहे. तो जिन्याच्या प्रत्येक वळणावर लावावा. मुलींच्या वसतिगृहात या अडचणींत गेटच्या वेळेची भर पडते. अभ्यासिका दहाला बंद आणि गेट साडेआठला बंद, अशा ठिकाणी वर लिहिलेले सगळे वेळापत्रक इमारतीच्या आतच बसवावे लागते. तिथे समुपदेशकाने एक गोष्ट मनाशी पक्की ठरवलेली असावी: मुलगी जे बोलली ते "काळजीपोटी" तिच्या घरी कळवायचे नाही. घरी लग्नाची बोलणी सुरू आहेत आणि तिला शिकायचे आहे, हा ताण घरी फोन केल्याने कमी होत नसतो.

कठीण रात्र

हा भाग कागदावर लिहून, सही घेऊन, प्रत्येक सोबती, सुरक्षारक्षक आणि मेसच्या व्यवस्थापकाच्या हाती आधीच दिलेला असावा. ऐन वेळी कोणी मार्गदर्शिका शोधत बसत नाही.

कोणी निरवानिरवीची भाषा बोलत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, बराच काळ अस्वस्थ राहून अचानक शांत झाला असेल किंवा तसा मजकूर मोबाइलवर टाकत असेल, तर त्याला सरळ विचारावे: "तुझ्या मनात जीव द्यावा असे विचार येतात का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, विचारल्याने बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर होय आले, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये, खोलीतली धोक्याची साधने शांतपणे दूर करावीत, आणि सोबत्याने त्याच्याजवळ बसूनच दुसऱ्याकरवी समुपदेशकाला व रेक्टरला बोलवावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. तिचा फोन स्पीकरवर लावून मुलाशेजारी बसता येते. इजा झालेली असेल किंवा काही घेतलेले असेल, तर वाट न पाहता 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णालयात नेताना हमखास एक भीती आड येते: पोलीस केस होईल, मुलाचे आयुष्य वाया जाईल. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध झाले नाही तर, तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवून तिला शिक्षा करता येत नाही. हे वाक्य सुरक्षारक्षकालाही पाठ असावे.

पालकांना कळवताना मुलाला आधी सांगावे आणि शक्य असल्यास त्याच्यासमोरच फोन करावा. फोनवर "ताबडतोब या, मुलाला घेऊन जा" असे म्हणू नये. मुलाची तब्येत बरी नाही, तो सुरक्षित आहे, आमची माणसे जवळ आहेत, तुम्ही आलात तर त्याला बरे वाटेल, या क्रमाने सांगावे. गावाहून रात्रीच्या एसटीने निघालेल्या वडिलांना सात तास हाच एक फोन आठवत असतो. त्यांना उतरून घ्यायला स्टँडवर माणूस पाठवावा आणि त्यांची राहायची सोय करावी.

त्यानंतर होणारी मोठी चूक म्हणजे "बरा होऊन ये" म्हणत खोली रिकामी करून घेणे. वसतिगृहातून काढले जाईल या भीतीनेच पुढचा मुलगा तोंड उघडत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तो परत यावा, खोली तीच राहावी, पहिला महिना समुपदेशकाची आठवड्याला भेट ठरलेली असावी आणि बुडालेल्या चाचण्यांबद्दल विभागप्रमुखांशी रेक्टरने स्वतः बोलावे. रूम पार्टनरकडेही त्याच आठवड्यात लक्ष द्यावे. त्या रात्री तोही तिथेच होता.

नोंदी कोणाकडे राहतील

समुपदेशकाच्या नोंदी समुपदेशकाकडे, कुलपात. रेक्टरला महिन्याकाठी फक्त आकडे मिळावेत: किती जण आले, साधारण कोणत्या प्रकारच्या अडचणी होत्या, किती जणांना पुढे पाठवले. नावे नाहीत. प्रवेशाच्या वेळी सर्वांकडून नैराश्याची पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची चाचणी भरून घेण्याची टूम हल्ली दिसते. ती सरसकट वापरू नये, आणि वापरायचीच असेल तर एक जबाबदारी आधी स्वीकारावी: तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरण्याच्या विचारांबद्दल आहे, आणि त्याचे होकारार्थी उत्तर असलेला कागद त्याच दिवशी तज्ज्ञाने पाहून त्या मुलाला भेटले पाहिजे. तीनशे कागद कपाटात ठेवून "सर्वेक्षण झाले" असे म्हणण्यापेक्षा ते न केलेले बरे. पहिल्या वर्षात काही मुले सतराच वर्षांची असतात, त्यामुळे त्यांच्या उपचारांबाबत पालकांचा सहभाग कायद्याने लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

वर्षभराची आखणी आणि मोजमाप

प्रवेश होताच चिठ्ठ्यांनी सोबती निवडावेत आणि दुसऱ्या आठवड्यात प्रशिक्षण द्यावे. पहिली अंतर्गत चाचणी, दिवाळीच्या सुट्टीनंतरची परतणी, सबमिशन आणि ओरलचे दिवस व निकालाचा आठवडा, या चार वेळी समुपदेशकाचे तास वाढवावेत. दिवाळीनंतर फराळाचे डबे घेऊन सगळे परततात तेव्हा न आलेल्यांची यादी तीन दिवसांत करावी आणि प्रत्येकाला सोबत्याने फोन करावा. शिक्षण सोडण्याचा निर्णय बहुधा याच आठवड्यात, घरातल्या अंगणात होतो.

मोजमाप म्हणून उपस्थितांची संख्या आणि छायाचित्रे अहवालात जातील ती जावोत. आपण स्वतःसाठी तीन आकडे ठेवावेत: एटीकेटीचे किती विषय सुटले, वर्षाच्या मध्ये किती जणांनी वसतिगृह सोडले, आणि अभ्यास साहाय्य कक्षात एकदा येऊन गेलेल्यांपैकी किती जण कोणी न पाठवता दुसऱ्यांदा आले. तिसरा आकडा पहिल्या सत्रात लाजिरवाणा कमी असतो. तो दुसऱ्या सत्रातही वाढला नाही, तर खोलीची जागा, तिथली वेळ आणि तिथे बसणारा माणूस, या क्रमाने बदल करून पाहावेत.